आमच्या घरचाच अंगठा

करंजपाडा, बदलापूर
१२ जून १९९१

ती. गोदूताई,

पाच वर्षांनी माझं अक्षर बघून पाकीट फाडून टाकलं नसशील, तर नमस्कार. टाकलं असशील आणि तुकडे जुळवून भावजी वाचत असतील, तर त्यांनाही नमस्कार.

पोस्टमास्तर विचारत होता, बदलापूरहून उल्हासनगरला पत्र कशाला, गाडीनं अर्ध्या तासात पोचाल की. मी म्हटलं, आमच्यात बोलणं नाही. तर म्हणाला, मग पंधरा पैशांचं कार्ड घ्या, भांडणाला तेवढं पुरतं. मी मुद्दाम पाकीट घेतलं.

घरी सगळे खुशाल. बनू तुझी आठवण काढते, मुख्यतः माझ्याशी वाजलं की. गोजरकाकी ऐंशीची झाली, पण अजून कुणाला काम करू देत नाही, सगळं स्वतःच करून नासवते. आईचं पितळी ताट तुझ्याकडे राहिलंय. असू दे, मी त्यासाठी लिहीत नाही. मी कामासाठीही लिहीत नाही, सहज लिहितोय.

आता काम. सरकारनं फळबागेची योजना काढली आहे. शेतमालकानं आपल्या जमिनीत खड्डे घ्यायचे, आंब्याची कलमं लावायची, आणि खर्च सरकार देणार, तीन वर्षांत तीन हप्त्यांनी. अट एकच, झाडं जगली पाहिजेत. आपला वरचा माळ आठवतो ना? नाचणीसुद्धा तिथं उपकार केल्यासारखी उगवायची. तिथं शंभर कलमं बसतात, असं आमचे कृषी सहायक चिंतामणी साहेब स्वतः टेप लावून सांगून गेले. अंबरनाथ पूर्वेला राहतात, लूनावरून येतात. माणूस फार सरळ आहे, तेवढीच एक अडचण.

म्हणजे असं, की सातबाऱ्यावर बाबांच्या मागे दोन नावं लागली आहेत, हिरामण आणि गोदावरी. दोन्ही मालकांची संमती हवी. सोबत कागद पाठवतो. जिथं फुली आहे तिथं सही कर आणि उलट टपाली धाड. पंचवीस तारीख शेवटची आहे.

तुझा धाकटा भाऊ,
हिरामण

ता. क. हा तो कागद नव्हे. वेगळा आहे. नीट वाचून बघ.


करंजपाडा
१४ जुलै १९९१

गोदूताईस नमस्कार,

तुझं कार्ड मिळालं. ‘पत्र पावलं. आम्ही सुखरूप. गोदावरी.’ लोक तारेतसुद्धा याहून जास्त बोलतात. संमतीचा कागद काही आला नाही. कार्डाला कागद जोडता येत नाही हे मला कळतं, म्हणून मी रागावलो नाही.

तू काळजी करू नकोस, काम झालं. मंजुरी आली, खड्डे घेऊन झाले. एकेक खड्डा तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल. पाव्हणे येऊन विचारतात, हिरामण, एवढी माणसं मेली कधी?

काम कसं झालं ते मात्र विचारू नकोस.

हिरामण


करंजपाडा
१८ ऑगस्ट १९९१

गोदूताई,

विचारलंसच. पाच वर्षांत पहिल्यांदा तू मला प्रश्न विचारलास, त्याचा आनंद मानू की घाम पुसू, हे ठरत नाही.

आधी चांगली बातमी. शंभरच्या शंभर कलमं लागली. प्रत्येकाला काठी दिली, बांधाला काटे लावले. सकाळी चहा घेतला की मी माळावर जातो आणि एकेकाला बघून येतो. बनू म्हणते, लग्न झाल्यावर माझ्याकडेसुद्धा एवढं बघितलं नाहीत.

आता ते. तुझा कागद आला नाही आणि तारीख उलटायला आली. तुझी सही मी केली असती, पण माझं अक्षर साहेबांना पाठ आहे, सगळे अर्ज मीच लिहिलेत. मग वाटलं, अंगठ्याला कुठं अक्षर असतं? बनू चुलीपुढे बसली होती. तिचा अंगठा शाईत बुडवला आणि तुझ्या नावापुढे टेकवला. ‘गोदावरी हिची निशाणी डाव्या हाताचा अंगठा.’ छान उमटला, रेघन्‌रेघ दिसते. साहेबांनी बघितलं आणि पुढे पाठवलं.

झालं ते एवढंच. कुणाचं नुकसान नाही.

हिरामण


करंजपाडा
२२ सप्टेंबर १९९१

गोदूताई,

तुझं कार्ड मी तीनदा वाचलं. बनूला वाचून दाखवलं तर ती अंगठा पदराखाली लपवून बसली.

मला वाटलं होतं तू म्हणशील, खोटा कागद केलास, फौजदारी होईल. तू त्यातलं काहीच म्हणाली नाहीस. तू लिहिलंस, ‘मी चौथी पास आहे. तुला पाटीवर धुळाक्षरं मी गिरवायला लावली. शाळेतून पळून यायचास तेव्हा कान धरून मी नेत होते. आणि तू सरकारदरबारी माझा अंगठा केलास? मला पुन्हा लिहू नकोस.’

खरं आहे गं. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आख्ख्या पाड्यात बायकांमध्ये पहिली सही तू केलीस. तुझं नाव रॉकेलच्या दुकानातल्या वहीत बघून बाबा घरी येऊन आईला सांगत होते, ते मला आठवतं. मी गाढव आहे.

लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहितोय. लिहायला तूच शिकवलंस, आता भोग.

हिरामण


करंजपाडा
२० मार्च १९९२

गोदूताई,

सहा महिने तुझं एक अक्षर नाही. मीही गप्प बसलो होतो. पण काल जे घडलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय घास उतरायचा नाही, आणि पाड्यातल्या लोकांना सांगायची सोय नाही, ते अगोदरच हसताहेत.

पावसाळ्यानंतर कलमांपैकी नव्वद राहिली होती. दहा मेली, त्याला इलाज नव्हता. उन्हाळ्याचा चटका बसू नये म्हणून मी आणि बनूनं आठ दिवस खपून प्रत्येक कलमाला पळसाच्या आणि ऐनाच्या फांद्यांची खोपटी केली, पश्चिमेच्या अंगाला. नव्वद खोपट्या. परवा मी वांगणीला लग्नाला गेलो. काल परत येऊन बघतो, तर माळ उघडा बोडका. एक पान नाही. आणि खाली भाताच्या रोपाच्या वाफ्यावर गोजरकाकी काठीनं राख सारखी करते आहे.

काकीनं सगळ्या खोपट्या उचलून वाफ्यावर पसरल्या आणि पेरणीआधीचा राब भाजला!

मी ओरडलो, तर म्हणाली, “एवरा चांगला सुका पाला रानान परला व्हता, कुनाला दिसला नाय काय? दोन दीस लागलं मना तो वाहून आनायला. पोरी लावून घेतल्या मी. आवंदा राब कसा भाजलाय बघ जरा!”

राब उत्तम भाजला आहे, हे मान्य केलंच पाहिजे. साठ वर्षं त्या बाईनं फाल्गुनात पाला दिसला की तो राबालाच नेला. पाला झाडाला सावली करायला ठेवतात, हे तिनं जन्मात बघितलं नव्हतं. तिच्यावर रागावू कसा? रात्री मला भाकरीबरोबर सुक्या जवळ्याची चटणी करून वाढली, दमला असशील म्हणून.

पण ताई, आज सकाळी मोजलं तर पाच कलमांनी माना टाकल्यात. मे महिन्यात साहेब झाडं मोजायला येणार. शंभरातली पंचाहत्तर जिवंत दिसली तरच पुढचे हप्ते, नाहीतर योजना बंद. आता जंगलात पाला राहिला नाही, सगळ्यांचे राब भाजून झाले. पैशांचं मी बघीन, पण हा माळ बाबांनी जन्मभर खणला आणि त्यावर एक झाड उभं राहिलं नाही. मला ते एकदा उभं राहिलेलं बघायचं होतं.

हिरामण


करंजपाडा
६ एप्रिल १९९२

गोदूताई, गोदूताई,

दोनदा लिहिलं, कारण एकदा लिहून भागत नाही!

पाड्यातली आपली भागीरथी उल्हासनगरच्या बाजारात भाजी विकून काल परत आली, ती डोक्यावर हा एवढा बोजा घेऊन. म्हणाली, “तुझ्या भयनीनं दिलाय. काय बोलली नाय. नुसता बोलली, झाडांना.” सोडून बघतो तर जीनच्या कापडाची टोपरी! निळी, काळी, काही अर्धी निळी अर्धी फिकट. वर शिवून बंद, खाली काठ्या घालायला नेफे. मोजली तर पंचाऐंशी. म्हणजे पाच मेली हे तू माझ्या पत्रातून वजा केलंस. हिशेबात तू पहिल्यापासून पक्की.

तळाशी तुझी चिठ्ठी सापडली. तू कामाला जातेस त्या जीनच्या कारखान्यात पॅन्टचं शिवण झालं की उरलेली कातरणं तू रोज घरी नेत होतीस, तेव्हा शेठनं विचारलं म्हणे, “बाई, इतना कतरन का क्या करेगी?” आणि तू म्हणालीस, “शेठ, मेरे झाड लोगको पॅन्ट सिलानेका है.” शेठ दोन दिवस तुझ्याकडे घाबरून बघत होता. हे वाचून बनू इतकी हसली की तिला ठसका लागला.

चिठ्ठीत तू ‘मेरे झाड’ लिहिलं आहेस. नुसतं वाचलं, एवढं सांगतो.

सगळी टोपरी चढवली. खालच्या रस्त्यावरून माळ असा दिसतो, जशी शाळेची पोरं कवायतीला उभी आहेत. लोक हसतात, हसू देत. गोजरकाकीला मी दोनदा समजावलं की हे कापड आहे, हे भाजायचं नाही. तिनं विचारलं, “मंग काय करायचा?”

हिरामण


करंजपाडा
९ मे १९९२

गोदूताई,

साहेब सोळा तारखेला, शनिवारी, मोजणीला येतात. झाडांची काळजी नको. आकडा जमेल, मी बंदोबस्त केलाय. कसा ते विचारू नकोस.

दुसरीच भानगड झाली आहे. साहेबांनी निरोप दिला, “गोदावरीबाईंना त्या दिवशी हजर ठेवा. सहहिस्सेदार समोर हवा, वरून आदेश आहे. अंगठा पुन्हा घ्यायचाय.”

तर तू ये, आणि फक्त एकदा, डाव्या हाताचा अंगठा

वरची ओळ खोडली आहे, ती वाचू नकोस.

हे बघ, सरळच लिहितो. तू आली नाहीस तर योजना जाईल. तू आलीस आणि खरं बोललीस, तर मी जाईन. तू काहीही केलंस तरी ते बरोबरच असेल, कारण चूक माझी, आणि ती अंगठ्यापासूनची नाही.

शहाऐंशी सालची भाऊबीज मी एकाही पत्रात काढली नाही. तूही काढली नाहीस. तू मला ओवाळलंस, ताट पुढे केलंस, आणि मी ओवाळणी म्हणून त्यात हक्कसोडीचा कागद ठेवला. इथं सही कर म्हणालो. दिवा जळत होता. तू कागद उचलून पाटावर ठेवलास आणि ताट घेऊन तशीच निघालीस. बनू सांगते, स्टेशनात पोचेपर्यंत तू दिवा विझू दिला नव्हतास.

लोकांना मी सांगत आलो की माझे कान भरले होते. बिल्डरची माणसं तेव्हा बदलापूरभर फिरत होती, भावजी तुझा हिस्सा विकतील असं कुणी कुणी म्हणे. खोटं आहे. कान भरायला कुणी आलं नव्हतं. माझीच बुद्धी. आणि आता बघ, ज्या बाईचं नाव मी पुसायला निघालो होतो, तिच्या नावाशिवाय सरकार मला एक खड्डा द्यायला तयार नाही!

मला तुझी आठवण येते. योजना नसती तरी आली असती, पण मी लिहिलं नसतं. माझ्यात तेवढी धमक नव्हती.

शनिवारी सकाळी दहा वाजता.

हिरामण


करंजपाडा
१८ मे १९९२

गोदूताई,

तू आलीस, अन् आल्या पावली गेलीस. घराच्या पायरीवर पाऊल ठेवलं नाहीस, पाणीसुद्धा माळावरच्या मडक्यातलं प्यालीस. तरी दोन दिवस मी जमिनीवर नाही.

तुला सगळं ठाऊक आहे, पण माझ्या बाजूनं काय झालं ते ऐक. तू बांध चढून आलीस तेव्हा साहेब वाट बघून निघायला लूनाला पाय लावत होते, आणि मी मनात शनीचं नाव घेत होतो. पाच वर्षांनी भेटलेल्या भावाला तू पहिलं वाक्य काय बोललीस? “केस पिकले रे तुझे.” बस. मग पदर खोचून थेट झाडांत शिरलीस.

साहेबांनी अठ्ठ्याहत्तर मोजली. मी हात जोडून उभा. आणि तू शेवटच्या रांगेतल्या एका बिनटोपऱ्याच्या कलमापाशी वाकलीस, बोटांनी धरलंस, आणि उपटून हातात घेतलंस. खाली मूळ नाही. नुसती कापलेली फांदी. “साहेब, हा मेलाय. कापून रोवलाय कुनीतरी. मोजू नका.” मग दुसरी. मग तिसरी. चौथी. माझा बंदोबस्त तू माझ्या देखत उपटून माझ्या पायाशी ठेवलास. धरणीमाता पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं मला.

अठ्ठ्याहत्तरातून चार गेली, चौऱ्याहत्तर. एक कमी! साहेबांनी वही मिटायला घेतली. त्यांनासुद्धा वाईट वाटत होतं, मी बघितलं.

तेव्हा तू म्हणालीस, “थांबा जरा. टोपरी मी पंचाऐंशी शिवलीत. तुम्ही उभी झाडं मोजलीत, आडवी नाय.” आणि सगळी पालथी पडलेली टोपरी उचलत गेलीस. दहा मेलेली निघाली. कोपऱ्यातलं अकरावं उचललंस. काठी मोडून टोपरं झाडावर बसलं होतं, मी ते झाड महिन्यापूर्वीच सोडून दिलं होतं, पाणीही घालत नव्हतो. त्याच्या बुंध्याला, जोडाच्या, म्हणजे कलम बांधल्या जागेच्या वर, तांबूस पालवीची दोन पानं फुटली होती. साहेब चक्क गुडघ्यांवर बसले. जोडाच्या वर फुटलंय, कलम जिवंत, असं स्वतःशी म्हणाले आणि पंचाहत्तर लिहिलं.

मी उडी मारणार, तेवढ्यात त्यांनी तो संमतीचा कागद काढला. “बाई, हा अंगठा तुमचाच ना?”

बनू बांधाआड उभी होती, तिनं डोळेच मिटले. तू कागद हातात घेतलास, उन्हात धरलास, त्या अंगठ्याकडे किती वेळ बघितलंस! मग म्हणालीस, “साहेब, अंगठा आमच्या घरचाच हाय. पन मना सही येते. आता सही घ्या.”

साहेब तुझ्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग बांधावरून डोकावणाऱ्या बनूकडे. ते सरळ आहेत, बावळट नाहीत. म्हणाले, “सहीच घेऊ. जुना कागद रद्द करतो. हिरामण, पुढच्या वर्षी अंगठाही नको आणि फांद्याही नकोत.” आणि तू लूनाच्या सीटवर कागद ठेवून सही केलीस. सावकाश, बाबांच्या नावासकट.

ताई, पंचाहत्तर झाडं जगली हे ठीक. तू खोटं बोलली नाहीस, मला वाचवलंस, हेही मोठंच. पण मी दोन दिवस एकच धरून बसलोय. आमच्या घरचाच, म्हणालीस.

हिरामण


करंजपाडा
५ ऑक्टोबर १९९२

गोदूताई,

दुसरा हप्ता आला. मेलेल्यांच्या जागी पंचवीस नवी कलमं लावली, सगळी मुळांसकट, बनू साक्षीला उभी होती. गोजरकाकी आता माळाची राखण करते. पालापाचोळा वेचायला कुणी आलं की काठी उगारते, “सरकारी झारां हायत ती!”

भाऊबीजेला मी तुला न्यायला येतो. माणूस धाडत नाही, स्वतः येतो. भावजींनाही ये म्हणावं, मी त्यांच्याही पाया पडणार आहे. ओवाळणीला काय आणू ते आधीच कळव. माझ्या मनानं काही ताटात ठेवायची मला भीती वाटते.

हिरामण


उल्हासनगर, कॅम्प ५
१२ ऑक्टोबर १९९२

चि. हिरामण यास आशीर्वाद.

पत्र पावलं. ये. भावजी तयार आहेत, पण पाया पडू नकोस, त्यांना गुदगुल्या होतात. ताट चिंच लावून घासून ठेवलं आहे. सहा वर्षं त्यात आम्ही काही वाढून घेतलं नाही.

ओवाळणीला साडी नको, पैसे नकोत. तलाठ्याकडे जा आणि या सालचा सातबारा काढून आण. तोच ताटात ठेव. आंब्याची बाग त्यात चढली आहे, असं भागीरथी म्हणाली. बागेच्या वर मालकांच्या रकान्यात तुझं आणि माझं नाव खालीवर लिहिलेलं असेल. दिवा पुढे ठेवून ते मी मोठ्यानं वाचणार आहे, सगळ्यांना ऐकू येईल असं. बनूला माझ्या शेजारी बसव. येत्या वर्षी साहेब येण्याआधी मला तिची सही पाहिजे, मी पाटी आणते आहे.

तुझी ताई,
गोदावरी
(चौथी पास)